पाठीमागचा तलाव

पूरमदतीचा हुकूम आला तेव्हा मी हवालदार होतो आणि आमची फील्ड कंपनी पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत होती. फील्ड कंपनी म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअर लोकांची कंपनी. पूल टाकणं, सुरुंग काढणं, पाण्यावर बोटी चालवणं ही आमची कामं. वैनगंगेला पूर आला होता. सिव्हिल प्रशासनाने मदत मागितली होती आणि एक कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, निघायचा होता. कंपनी कमांडरने फॉल-इनमध्ये नावं पुकारली, त्यात माझं पहिलं होतं. कारण साधं होतं. मी सावली तालुक्यातला. कॉलमबरोबर जाणारे कॅप्टन साहेब पंजाबातले होते. त्यांना लोकांची भाषा कळणारा माणूस हवा होता.

गावाचं नाव लिहीत नाही. शेजारच्याच तालुक्याचं छोटं गाव आहे, नदीच्या उतारावर वसलेलं. गावामागच्या तलावावर आजही या गोष्टीतलीच माणसं मासे धरतात आणि त्यांच्याकडे कोणी बोट दाखवावं असं मला वाटत नाही.

आम्ही पहाटे पोचलो. असॉल्ट बोटी, त्यांची इंजिनं, दोर, लाइफ जॅकेट, रेडिओ सेट, लंगरचं, म्हणजे स्वयंपाकाचं सामान. कॅप्टन साहेबांनी मला पहिलं काम दिलं ते असं, की या गावाला धोका कुठून कुठून आहे ते लोकांना विचारून ये. मी बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो आणि विचारलं. प्रत्येकाने नदीकडे हात केला. कुठल्या साली पाणी मारुतीच्या पायरीला लागलं, कुठल्या साली बाजारात लाकडी डोंगा चालला, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. दोन म्हाताऱ्यांचं मोठा पूर कोणता यावरून भांडण लागलं, कारण दोघांची घरं वेगवेगळ्या मोहल्ल्यांत होती आणि ज्याच्या घरात पाणी शिरलं तो त्याचा मोठा पूर. कोणी सांगितलं की रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बांधीत वीज पडून बायका मरतात. कोणी मोहफुलांच्या दिवसांत जंगलाला लागणाऱ्या आगीचं सांगितलं. उन्हाळ्यात माणसं उन्हाने पडतात तेही निघालं. तलावाचं नाव कोणी घेतलं नाही. मीही विचारलं नाही. मी तलावांच्या मुलखातला माणूस. आमच्या गावाच्याही पाठीशी तलाव आहे. घराच्या भिंतीला आपण धोका म्हणत नाही, तसं ते.

मी जाऊन रिपोर्ट दिला. साहेबांनी नकाशावर नदीकाठचे मोहल्ले लाल पेन्सिलने रंगवले आणि तिथली माणसं वरच्या अंगाला असलेल्या शाळेत हलवायचं ठरलं. शाळा गावातली सगळ्यात उंच पक्की इमारत. तिच्या मागे भाताच्या बांध्या, त्यांच्या मागे तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, आणि पाळीपलीकडे जंगलापर्यंत पाणी.

नदीकाठच्या गल्ल्यांत आमच्या बोटी चालेनात. पाण्याखाली कुंपणं होती, तारा होत्या, विटांचे ढीग होते. इंजिनाच्या पंख्यात साड्या आणि गवत अडकत होतं. तिथे डोंगेच हवे होते, आणि डोंगे ढिवरांकडे, तलावात मासे धरणाऱ्या लोकांकडे. त्यांच्या मोहल्ल्यात मीच गेलो. त्यांचा म्होरक्या तुळशीराम, साठीच्या पुढचा, अंगाने काटक. तलावातल्या मासेमारीचं सगळं त्याच्या हाताखाली चाले. मी आपल्या बोलीत बोललो, सावलीजवळचा आहे म्हणून सांगितलं. त्याने आधी मला विचारलं की सावलीचा माणूस सैन्यात कसा गेला, तिकडची पोरं तर पाण्याला भितात. सगळे हसले. मग त्याने पोरांना हाक मारली आणि डोंगे काढले. घराघरातला एकूण एक धडधाकट पुरुष आमच्याबरोबर आला. त्यातल्या एकाने तुळशीरामला काहीतरी विचारल्याचं मी ऐकलं, तलावावर कोण थांबणार असं काहीसं. तुळशीराम म्हणाला, आधी मानसं काढू.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक रामप्रवेश होता. बिहारचा, कोसी नदीच्या काठचा. त्याचं गाव त्याच्या लहानपणापासून दोनदा जागेवरून हललं होतं. पुराच्या पाण्यात तो इतका सहज वावरायचा की नवीन जवान त्याच्याजवळ राहू बघायचे. त्याला भाषा शिकायची हौस होती. पहिल्याच दिवशी त्याने माझ्याकडून ‘मले’ आणि ‘तुले’ घेतलं आणि जो भेटेल त्याच्यावर वापरायला सुरुवात केली. शाळेत जेवण वाढणाऱ्या एका म्हातारीने त्याला विचारलं, "काऊन रे फौजी, तुले भात चालते का रोटीच पाह्यजे?" तो म्हणाला, "मले दोन्ही पाह्यजे, बाई." तेव्हापासून बायका त्याला दोन्हीवाला म्हणू लागल्या आणि त्याच्या ताटात खरोखर दोन्ही पडू लागलं.

दोन दिवस याच रीतीने गेले. सकाळी स्टँड-टू, म्हणजे उजाडायच्या आत सगळे सज्ज, बोटींची तपासणी, मग गल्ल्या. डोंगे माणसं काढून मोकळ्या पाण्यापर्यंत आणायचे, तिथून आमच्या बोटी. वर धरणाचं पाणी सोडलेलं होतं आणि पाऊसही थांबत नव्हता. शाळा भरली. वर्गांत माणसं, व्हरांड्यात शेळ्या. नदीकाठ रिकामा झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन साहेबांनी सेटवरून कंट्रोलला कळवलं की परिस्थिती काबूत आहे.

त्याच सकाळी मी शाळेच्या मागे हात धुवायला गेलो आणि तिथेच थांबलो. आवाज नव्हता. इतका पाऊस झाल्यावर तलाव भरून सलंग धो धो वाहायला हवा होता. सलंग म्हणजे पाळीच्या एका टोकाला ठेवलेली दगडी सखल जागा. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून आपोआप निघून जातं. पाळ मातीची असते. वरून पाणी गेलं की ती कापली जाते. सलंग वाहतो म्हणून पाळ टिकते. लहानपणी आम्ही झोपेतसुद्धा तो आवाज ऐकायचो.

मी रामप्रवेशला घेऊन पाळीवर चढलो. पाणी पाळीच्या माथ्यापासून हातभर खाली होतं. आम्ही सलंगापर्यंत चालत गेलो. तिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सागाचे खुंट रोवून बांबूच्या कामट्यांच्या ताट्या बांधलेल्या होत्या. त्या ताट्यांवर बेशरमची झुडपं, भाताचं तणस, लाकडं, मेलेलं एक डुक्कर, सगळं येऊन चिकटलं होतं. भिंतच झाली होती. तिच्या फटींतून थोडं थोडं पाणी झिरपत होतं.

मी तुळशीरामला बोलावणं पाठवलं. तो आला, त्याने पाहिलं आणि खाली बसला.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. सलंग वाहू लागला की मासे त्याच्यावाटे निघून जातात. माशांचं वर्षाचं बीज नुकतंच टाकलेलं असतं. ते गेलं तर पुढचं सगळं वर्ष हात हलवत बसायचं. म्हणून त्यांचे बाप-आजे ताट्या लावत आले. ताट्या लावल्या की त्यांची पोरं आळीपाळीने सलंगावर राहतात आणि बांबूने कचरा ओढून काढतात, दिवस असो की रात्र. ताटीवर पान चिकटू द्यायचं नाही असा नियमच. आजवर तलावाला काही झालं नाही ते त्यामुळे.

"मंग आता कोनी काऊन नाई काढला?" मी विचारलं.

"कोन काढीन, भाऊ? सारेच्या सारे तं तुमच्यासंग होते."

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. जसं होतं तसं त्याने सांगितलं.

आम्ही पाळीच्या पायथ्याशी उतरलो. एका जागी पाणी पाझरत होतं. मातीच्या पाळीला पाझर असतोच, पण तो स्वच्छ असतो. हा गढूळ होता. गढूळ पाणी म्हणजे पाळ आतून वाहायला लागली आहे. तिथून शाळेच्या मागच्या खिडक्या दिसत होत्या आणि खिडक्यांत पोरं बसलेली दिसत होती.

मी सेट घेतला. त्यावर साहेब अल्फा, मी ब्राव्हो.

"अल्फा, ब्राव्हो. तलाव की पाळ कमजोर है. स्कूल खाली करना पड़ेगा. ओव्हर."

"ब्राव्हो, अल्फा. स्कूल में तो हमने ही सबको लाया है. कन्फर्म करो. ओव्हर."

"कन्फर्म. पाळ गई तो पहले स्कूल जाएगा. ओव्हर."



"रॉजर. कितना टाइम है?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. साहेबांनी शाळा रिकामी करायला घेतली. माणसांना तलावाच्या वाटेत न येणाऱ्या, जंगलालगतच्या टेकडीवर न्यायचं ठरलं. वाट चिखलाची, म्हातारी माणसं, दोन बाळंतिणी. आता गंमत अशी, की लोक हलायला तयार नव्हते. ते वर चढून आले होते ते नदीला भिऊन, आणि नदी तर खाली होती. कॅप्टन साहेब हिंदीत सांगत होते. मी पाळीवर होतो. बराच वेळ त्यातच गेला.

इकडे ताट्या तोडल्याशिवाय दुसरा उपाय नव्हता. तुळशीरामच्या पोरांपैकी एकाने नुसतं "बीज..." म्हटलं. तुळशीराम म्हणाला, "पार फुटली तं बीज बी जाईन आन् आपन बी." पाळीला ते पार म्हणतात. 

ताट्यांवर मागून पाण्याचा लोट होता. पाण्याच्या बाजूने जाणं शक्य नव्हतं. सलंगाच्या माथ्यावरून, ताट्यांच्या पुढच्या अंगाला उभं राहून बंध कापायचे आणि आमच्या बाजूने एकेक ताटी पाडत जायची असं ठरलं. बंध कुठे आहेत ते तुळशीरामला ठाऊक. त्यानेच बांधले होते. खुंट कापायला कुऱ्हाड चालवणारा दुसरा माणूस हवा होता. मी पुढे झालो, पण रामप्रवेश म्हणाला, "उस्ताद, आप रस्सी देखिए. दोर सँभालना हम लोगों को आपसे कम आता है." त्याने ‘दोर’ शब्द आमचा वापरला. मी थांबलो. ड्रिलप्रमाणे सीनियर दोरावर राहतो. ते बरोबरच होतं.

दोघांच्या कमरेला मी स्वतः दोर बांधले. पाळीवरच्या मोठ्या झाडाला वेढा देऊन एकेका दोरावर चार-चार जवान लावले. सलंगाच्या पलीकडच्या टोकाला घनदाट झाडी होती, उभं राहायला जागा नव्हती, म्हणून दोन्ही दोर एकाच बाजूने होते.

पहिली ताटी नीट पडली. दुसरी पडली. पाणी सुटलं आणि तो आवाज सुरू झाला. माझ्या मागचे जवान हसले. तुळशीरामने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मधल्या खुंटाजवळ ते पोचले तेव्हा गुडघाभर पाणी त्यांच्या पायांवरून जात होतं. रामप्रवेशने कुऱ्हाड उचलली. ती खुंटाला लागायच्या आधीच खुंट मोडला. मागचा सगळा कचरा, लाकडं, बेशरमचं जाळं, एकदम त्या तोंडातून आलं आणि दोघंही दिसेनासे झाले.

दोन्ही दोर ताणले गेले. खालच्या दगडी उतारावर तुळशीरामचं डोकं वर आलं. तो उताणा होता. रामप्रवेशचा दोर त्याच्या छातीवरून आडवा गेला होता आणि त्या दोराने त्याला दगडावर दाबून धरलं होतं. रामप्रवेश दिसत नव्हता. तो लाकडांच्या खाली होता. त्याचा दोर तारेसारखा ताठ होता. आम्ही रामप्रवेशला ओढलं की तुळशीराम पाण्याखाली जायचा. तुळशीरामला ओढलं तर तो दोर त्याला सोडत नव्हता. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

मी म्हणालो, "रामप्रवेश की रस्सी, ढील दो."

त्या दोरावर पुढे असलेला नायक म्हणाला, "उस्ताद, वो नीचे है."

"ढील दो."

त्यांनी दोर सैल सोडला. तुळशीराम मोकळा झाला आणि आम्ही त्याला ओढून वर घेतलं. लगेच मी दुसरा दोर ओढायला सांगितला. तो हलका आला. दगडाच्या कडेवर कापला गेला होता.

सलंग पूर्ण उघडला होता. दुपारपर्यंत तलावाची पातळी उतरायला लागली. पायथ्याचा पाझर आधी कमी झाला, मग स्वच्छ झाला. शाळेतली शेवटची माणसं तेव्हा टेकडीच्या वाटेवर होती. पाळ टिकली.

रामप्रवेश आम्हाला संध्याकाळी सापडला. सलंगाच्या खालच्या अंगाला बांध्या आहेत, त्यातल्या एकीच्या धुऱ्याला, बांधाला, तो टेकला होता. शोधायला ढिवरांची सगळी पोरं होती. त्यांनीच त्याला डोंग्यात घातलं. शाळेतल्या बायका परत आल्या होत्या. त्या रात्री लंगर पेटला, पण कोणी जेवायला बसलं नाही.

पुढे चौकशी झाली. मी सगळं सांगितलं, त्या नायकानेही सांगितलं. निष्कर्ष असा निघाला की त्या परिस्थितीत दिलेला हुकूम योग्य होता. मी ते अनेकदा मनात तपासलं आहे. मलाही तो योग्यच वाटतो. पुन्हा तीच जागा आणि तेच दोर असते तर मी तेच म्हटलं असतं. याने मला काही मदत होत नाही. हुकूम योग्य होता हे मी लोकांना सांगू शकतो. तो दोर सैल होताना हातातून जे गेलं ते सांगता येत नाही. आणि त्या डोंगेवाल्यांना तलावावरून उठवून नेणारा मीच होतो. त्याची चौकशी कोणी केली नाही, कारण ते कुठल्याच नियमात चूक नव्हतं.

रामप्रवेशच्या सामानाची पेटी त्याच्या घरी पोचवायला मी गेलो. मी मागून घेतलेली ड्युटी होती. त्याच्या वडिलांना मी अंगणात बसून सगळं सांगितलं, दोराचंही. त्यांनी विचारलं, तो म्हातारा जिवंत आहे का. मी म्हणालो, आहे. ते उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. रामप्रवेशची बायको दाराआड उभी होती. तिने एकच विचारलं.

"रस्सी ढीली हुई, तो उनको मालूम पड़ा होगा?"

मी म्हणालो, "पता नहीं, बेटी."



निवृत्तीनंतर मी सावलीला परत आलो. आता आसपासच्या तालुक्यांतल्या पोरांना पूर आणि वीज यांचं प्रशिक्षण देतो. दोर बांधायला शिकवतो, आणि दोन माणसं पाण्यात उतरवायची असतील तर दोर दोन बाजूंनी हवेत, एका बाजूने जागा नसेल तर एकच माणूस उतरवा, हेही शिकवतो. त्या गावाच्या शाळेत गेलो की मी आधी पोरांना धोके विचारतो. ती नदीकडे हात करतात. मी त्यांना खिडकीकडे तोंड करून उभं करतो आणि पाळ दाखवतो. आपत्ती आराखड्यात आता निवाऱ्याची जागा म्हणून शाळा नाही, टेकडी आहे. तलावाचं नाव नदीच्या खाली लिहिलं आहे. पूर आला तरी ढिवरांमधली चार माणसं तलावावरून हलवायची नाहीत, असंही त्यात लिहून घेतलं आहे. ते वाक्य घालायला मला बरंच भांडावं लागलं. एका साहेबांना त्याचं कारण कळेना.

तुळशीराम आता फारसा चालत नाही. सुरुवातीची काही वर्षं तो माझ्याशी त्या दिवसाबद्दल बोलला नाही. एकदा पाळीवर बसलेलो असताना त्याने विचारलं.

"तू मलेच काऊन वढला रे, भाऊ?"

"तुमी वर दिसत होते."

"बस?"

"बस."

त्याने मान हलवली. उत्तर त्याला पटलं की नाही ते मला कळलं नाही. ते उत्तर खरं होतं.

ताट्या अजून लागतात. ढिवरांनी ते सोडलं नाही आणि सोडा असं मी कधी म्हटलं नाही. ते त्यांचं पोट आहे. पण मधली ताटी ते लावत नाहीत. तेवढं तोंड उघडं राहतं आणि त्यातून मासे जातात, थोडे नाही, बरेच जातात. दरवर्षी ताट्या बांधताना कोणी ना कोणी तो विषय काढतो. यंदाही निघाला. मी तिथेच होतो. एक जण म्हणाला, आता आपण आळीपाळीने बसतोच आहोत, मग ते तोंड उघडं ठेवून एवढं नुकसान कशाला करायचं. नवीन लग्न झालेला पोरगा होता, त्याचंही चूक नव्हतं. सगळ्यांनी तुळशीरामकडे पाहिलं.

तुळशीराम म्हणाला, "तिथून आपला रामप्रवेश गेला. मासोऱ्या गेल्या तं जाऊ दे."

पोराने हातातली ताटी खाली ठेवली आणि ते पुढच्या खुंटाकडे गेले.